रजेवरच्या माणसाची बाजू

मार्च २०२४ची गोष्ट. आम्ही चौदा जण पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो आणि मार्चएंडला आमच्या ऑफिसची अवस्था गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्रीच्या मूर्तीच्या कारखान्यासारखी असते. एका संस्थेच्या व्यवस्थापकांनी फोनवर सांगितलं, की वर्ष लीपचं असलं तरी आमच्याकडे मुदत ठेवीचं व्याज काढताना ३६५नेच भागायचं, ३६६ने नाही. ज्याने फोन घेतला त्याने ते लगेच ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकलं. त्याच संध्याकाळी एका सरांचा वाढदिवस होता. केक, फुगे आणि जोडलेले हात यांच्या खाली ते ३६५ गाडलं गेलं. दुसऱ्या दिवशी फोन घेणारा वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेला. त्याच्या खुर्चीवर नवी मुलगी बसली. तिला ग्रूपमध्ये त्याच सकाळी घेतलं होतं, त्यामुळे आदल्या दिवशीचं तिला काही दिसतच नव्हतं. तिने ३६६ने भागलं. वर्षभराच्या ठेवीवर लाखामागे वीस-पंचवीस रुपये कमी पडले. रक्कम किरकोळ, पण पतसंस्थेचा ठेवीदार पासबुकातला पैसा न् पैसा मोजतो. पुढचे चार दिवस आम्ही व्याजाच्या उलट नोंदी टाकत बसलो.

त्यानंतर ऑफिसात वाद पेटला, की बोलण्यासाठी नेमकं काय वापरायचं. या वादात जी मतं ऐकली तीच मी नंतर इतर ऑफिसांतही ऐकली. म्हणून आधी पूर्वपक्ष मांडतो.

पहिलं मत अर्थातच, ‘व्हॉट्सॲप आहे की.’ सगळ्यांकडे आहे, शिकवावं लागत नाही, फुकट आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्ही गैरलागू आहेत. चहाची टपरीही सगळ्यांना माहीत असते, म्हणून संचालक मंडळाची सभा आपण तिथे घेत नाही. आमच्या ग्रूपवर पासबुकांचे, आधार कार्डांचे फोटो यायचे. ‘हे खातं बघ, शिल्लक जुळत नाही.’ ते फोटो चौदा खासगी फोनांच्या गॅलरीत उतरायचे. एकाच्या फोनमध्ये मी स्वतः पाहिलंय: पुतण्याच्या मुंजीचे फोटो, मध्येच कुठल्याशा ठेवीदाराच्या पासबुकाचं पहिलं पान, पुन्हा मुंज. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्यासारख्या चौदा जणांच्या मागे कोणी लागणार नाही असं म्हणणारे असतातच. पण सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशनने वॉल स्ट्रीटवरच्या १६ वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला, तो याच सवयीसाठी: कर्मचारी कामाचं बोलणं खासगी फोनवरच्या मेसेजांत करत होते आणि संस्थांकडे त्याचं दप्तर नव्हतं. त्यांच्याकडे तर वकिलांची फौज होती.

शिवाय नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर ऑफिसचं सगळं बोलणं तसंच राहतं, आणि नव्याच्या हाती ते आपोआप पडत नाही. म्हणजे जो गेला त्याच्याकडे सगळं, जो आला त्याच्याकडे काहीच नाही. याहून उलटी व्यवस्था ठरवून करायची म्हटली तरी जमणार नाही.

दुसरं मत जाणत्यांचं: ‘मोठ्या कंपनीचं घ्या. बुडणार नाही.’ त्याला जोडून, ‘मायक्रोसॉफ्टचं टीम्स तर त्यांच्या ऑफिस पॅकेजात फुकटच येतं.’ फुकट ते पौष्टिक, हा आपला जुना समज. ते फुकट नव्हतं, पॅकेजच्या किमतीत मुरलेलं होतं. टीम्सशी स्पर्धा करणाऱ्या स्लॅकने जुलै २०२०मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली ती याच जोडविक्रीबद्दल. पुढे मायक्रोसॉफ्टने आधी युरोपात आणि एप्रिल २०२४पासून जगभर टीम्सशिवायची पॅकेजं वेगळी विकायला काढली, तेव्हा त्या फुकटाला किंमत असल्याचं कागदावर आलं. आणि बुडण्याचं म्हणाल तर मोठी कंपनी बुडत नाही हे खरं, ती दुकान बंद करते. ॲटलासियनचं हिपचॅट फेब्रुवारी २०१९मध्ये बंद झालं. गूगलचं हँगआउट्स २०२२मध्ये गेलं. मायक्रोसॉफ्टने २०११मध्ये ८.५ अब्ज डॉलर मोजून घेतलेलं स्काइप ५ मे २०२५ रोजी मिटलं. मेटाने आपलं वर्कप्लेस गुंडाळत असल्याचं २०२४मध्येच सांगून टाकलं. मालक धडधाकट होते, भाडेकरूंना मात्र सामान उचलावं लागलं. ज्या कंपनीचं सगळं काम वर्ड-एक्सेलच्या फायलींत चालतं तिने टीम्स घ्यावं, माझी ना नाही. पण ‘मोठी कंपनी’ हे कारण सांगून घेऊ नये.

तिसरं नाव तरुण मंडळींचं, स्लॅक. याच्याविरुद्ध बोलताना मला थोडं वाईट वाटतं, कारण त्याची जन्मकथा माझ्याच बाजूची आहे. स्टुअर्ट बटरफील्ड आणि मंडळी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ करत होती. माणसं वेगवेगळ्या शहरांत बसलेली. बोलण्यासाठी आयआरसी वापरत, म्हणजे फिनलंडमध्ये १९८८ साली जन्मलेली गप्पांची जुनी सोय. तिची खोड अशी, की तुम्ही जोडलेले नसाल तेव्हा झालेलं बोलणं तुमच्यासाठी झालंच नाही. म्हणून त्यांनी ते बोलणं साठवून ठेवायची सोय स्वतः केली. खेळ २०१२मध्ये बंद पडला, सोय उरली, ती २०१४मध्ये स्लॅक म्हणून बाजारात आली. त्या नावाची फोडही त्यांनी ‘सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज’ अशी केली. गैरहजर माणसासाठी जन्मलेली वस्तू! आणि त्याच वस्तूच्या फुकट योजनेत सप्टेंबर २०२२पासून मागचे ९० दिवसच दिसतात. मार्चमध्ये ठरलेली गोष्ट जुलैत पडद्याआड. आमच्या धंद्यात मार्चची गोष्ट पुढच्या मार्चला लागते, आणि लीप वर्षाची तर चार वर्षांनी. पैसे भरून घ्या म्हणतात. चौदा माणसांचे, दर महिन्याला. तेही भरू, पण भरून काय मिळतं ते पाहा.

मिळतो तो सर्च. ‘शोधलं की सापडतं’ हे स्लॅकवाल्यांचं ब्रह्मवाक्य आहे, आणि मराठी ऑफिसात ते चालत नाही. आमच्याकडे एक जण ‘व्याज’ लिहितो, दुसरा रोमन लिपीत व्हीवरून सुरू करतो, तिसरा डब्ल्यूवरून, चौथी ‘इंटरेस्ट’ म्हणते, तेही कधी देवनागरीत तर कधी इंग्रजी अक्षरांत, आणि पाचवा व्हॉइस मेसेज पाठवतो. शोधाच्या चौकटीत ‘व्याज’ टाकलं तर एक पंचमांश गोष्ट सापडते आणि ती नेमकी नको असलेली. मराठी शब्दाला प्रत्यय लागतात ते वेगळंच: व्याजाचं, व्याजावर, व्याजासकट. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तिथे सर्चची चौकट नव्हती, कागद रुमालांत बांधलेले होते. कारकुनांनी ते कधीकाळी एकत्र ठेवले, गाठ मारली, म्हणून दीडदोनशे वर्षांनी कोणाला तरी ती सोडता आली. बोलणं ढिगात टाकायचं आणि नंतर चुंबक फिरवायचा, यापेक्षा टाकतानाच रुमालात बांधणं बरं. मराठीत तर दुसरा इलाज नाही.

यावर आमचे सर म्हणाले, ‘टूलने काय होतंय? शिस्त माणसात पाहिजे.’ या वाक्यावर सगळे माना डोलावतात, कारण ते कोणालाच लागू होत नाही. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा घ्या. हळदीत मोहरी पडत नाही ती घरातली माणसं शिस्तीची आहेत म्हणून नव्हे. डब्यात सात वाट्या आहेत म्हणून. वाट्या काढून घ्या आणि सगळा मसाला सरळ डब्यात ओता, मग आजीलाही फोडणी जमणार नाही. ग्रूपवर शुभेच्छांचा पूर आला तेव्हा बेशिस्त कोणी नव्हतं. सरांना शुभेच्छा न देणं हीच बेशिस्त ठरली असती.

सगळ्यांत वजनदार आक्षेप आमच्या हिशेब तपासणाऱ्या बाईंचा. त्या म्हणाल्या, ‘चॅटच नको. ईमेल पुरे.’ त्या एकट्या नाहीत. बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीचे जेसन फ्रीड यांनी २००६ साली कॅम्पफायर नावाचं चॅट बाजारात आणलं होतं, आणि दहा वर्षांनी त्यांनीच लेख लिहून सांगितलं, की चॅट म्हणजे दिवसभर चालणारी, विषयपत्रिका नसलेली बैठक. ज्याने दुकान टाकलं तोच म्हणतोय म्हटल्यावर ऐकायला हवं. ईमेलला विषयाची ओळ आहे, उत्तर उद्या दिलं तरी चालतं, हे दोन्ही गुण मला मान्य. पण ईमेल ज्याच्या त्याच्या पेटीत जातं. ज्याचं नाव त्या ओळीत नव्हतं त्याच्यापर्यंत ते पोचत नाही, आणि माणूस गेला की पेटीला कुलूप. पुन्हा तोच प्रश्न: मागाहून आलेल्याने काय करायचं?

आता माझं म्हणणं. संघासाठी बोलण्याचं साधन निवडताना सगळे बोलणाऱ्यांकडे बघतात: टाइप करायला सोपं आहे का, इमोजी आहेत का, कॉल लागतो का. माझ्या मते बघायचं ते त्या क्षणी तिथे नसलेल्या माणसाकडे. रजेवर गेलेला, मागच्या आठवड्यात रुजू झालेली, पुढच्या वर्षी रुजू होणारा. तो सोमवारी येऊन बसला, तर कोणालाही न विचारता त्याला दहा मिनिटांत कळलं पाहिजे, की काय ठरलं आणि का ठरलं. सॉफ्टवेअरच्या कामावर लिहिणाऱ्या फ्रेड ब्रुक्सने १९७५मध्येच गणित मांडून ठेवलंय: माणसं वाढतात त्याच्या कितीतरी पट त्यांच्यातल्या वाटा वाढतात. पाच जणांत दहा जोड्या, चौदा जणांत एक्क्याण्णव. या एक्क्याण्णव वाटांवरून प्रत्येक गोष्ट तोंडी फिरवायची असेल तर काम कधी करायचं?

या कसोटीवर आम्ही झुलिप नावाचं चॅट घेतलं. त्यात प्रत्येक संदेशाला चॅनल असतं आणि चॅनलमध्ये विषय असतो. नवा विषय काढताना नाव द्यावं लागतं, पहिले आठ दिवस सगळ्यांनी त्यावर कुरकुर केली. स्लॅकमध्येही धागे आहेत, पण तिथे धागा एका संदेशाला लटकतो, मुख्य ओघ मात्र मिसळच राहतो. झुलिपमध्ये विषय हाच मुख्य रस्ता. ‘मुदत ठेव: लीप वर्ष’ या रुमालात तेवढंच. कोणी चुकीच्या ठिकाणी लिहिलं तर संदेश उचलून योग्य विषयात टाकता येतो. प्रश्न मिटला की विषयावर बरोबरची खूण करता येते.

ही चौदा माणसांच्या ऑफिसची हौस नव्हे. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणारे गट झुलिपवर बोलतात. सिद्धता तपासणारं ‘लीन’ हे सॉफ्टवेअर वापरणारे गणिती तिथेच जमतात. २०२३च्या नोव्हेंबरात गणिती टेरेन्स टाओ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बेरजांच्या रचनेशी संबंधित एक जुनं अनुमान सिद्ध केलं आणि ती सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याचं काम देशोदेशीच्या माणसांनी सुमारे तीन आठवड्यांत पुरं केलं. एक झोपतो तेव्हा दुसरा उठतो, म्हणजे कोणीतरी कायमच गैरहजर. ते काम विषयवार बोलण्यावर चाललं.

दोष सांगायचे तर, दिसायला ते साधं आहे. कॉलसाठी जित्सीसारखं दुसरं काही जोडावं लागतं. मोबाइल ॲप बरेच दिवस यथातथाच होतं. त्यांच्या ढगावरच्या फुकट योजनेत शेवटचे १०,००० संदेशच दिसतात. पण सगळा कोड २०१५पासून खुला आहे, त्यामुळे आम्ही भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ते स्वतः चढवलं, रोज रात्री बॅकअप निघतो. उद्या ती कंपनी मिटली तरी आमचं दप्तर आमच्याकडे. मात्र हे सांभाळणारा एक माणूस लागतो. तो नसेल तर या फंदात पडू नका, सरळ पैसे भरून कोणाचं तरी घ्या, फक्त सगळे संदेश बाहेर काढता येतात ना, ते आधी काढून बघा.

एक हरकत मात्र मला खोडता आली नाही. संस्थांचे व्यवस्थापक, पिग्मी एजंट व्हॉट्सॲपवरच येणार. त्यांना झुलिप शिकवायला जाणं म्हणजे धंदा घालवणं. म्हणून फोन आला किंवा मेसेज आला की घेणाऱ्याने दोन ओळी विषयात लिहायच्या, एवढाच नियम. तो पाळला जातो का? बहुतेक वेळा. वाढदिवसांना वेगळं चॅनल आहे, आणि संदेशांची संख्या मोजली तर तेच पहिलं येईल.

त्या नव्या मुलीला आता दोन वर्षं झाली. लीप वर्षाचा विषय तिनेच उघडला होता. त्यात शेवटचा संदेशही तिचाच आहे: ‘२०२८च्या मार्चला ३६५ धरण्याआधी संस्थेला पुन्हा विचारा. तोवर व्यवस्थापक बदललेले असतील.’