चुकीच्या घडीचे प्रथिन

रोग पसरवायचा तर जंतू हवा, मग तो जीवाणू असो, विषाणू असो वा बुरशी, हे शाळेपासून ठसलेले असते. ज्यात जनुकेच नाहीत असे नुसते प्रथिनही संसर्ग घडवते, असे स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये मांडले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. १९९७ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. या प्रथिनाला त्यांनी नाव दिले ‘प्रायॉन’.

हे प्रथिन मूळचे परके नाही. प्रत्येकाच्या मेंदूत ते असतेच. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच चुकीची घडी घालायला लावते. कवडीभर विरजणाने पातेलेभर दूध लागावे, तसे. विरजणात निदान जिवंत जीवाणू असतात, इथे जिवंत काहीच नसते. हळूहळू चेतापेशी मरतात, मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो. क्रॉइत्झफेल्ट-याकोब हा त्यातला माणसांत सर्वाधिक आढळणारा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना होतो. बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावतात. त्यावर इलाज नाही.

आजार दुर्मीळ, म्हणून दुर्लक्ष परवडेल? ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात उंची खुंटलेल्या १,८४८ जणांना, मुख्यतः मुलांना, मृतदेहांच्या पीयूष ग्रंथीतून काढलेले वाढीचे संप्रेरक टोचले गेले. त्यातल्या काही साठ्यांत प्रायॉन होते. पुढे, काहींच्या बाबतीत कित्येक दशकांनी, सुमारे ८० जण याच आजाराने गेले. याच गटातल्या काहींना ऐन चाळिशी-पन्नाशीत अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. (अल्झायमर रुग्णाची सेवा केल्याने होत नाही, हेही इथे सांगितलेच पाहिजे.)

इंजेक्शन कोणाला दिले याच्या नोंदी होत्या, म्हणून हा माग लागला. आपल्याकडे मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलेले अवजार याआधी कोणासाठी वापरले होते, हे किती रुग्णालये सांगू शकतील? नेहमीच्या ऑटोक्लेव्हने प्रायॉनची खात्रीने वाट लागत नाही आणि फॉर्मेलिनने तर तो अधिकच चिवट होतो. तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड आणि जास्त तापमानाची वाफ लागते, किंवा संशयित रुग्णाची अवजारे सरळ नष्ट करावी लागतात. अवजारे महाग असतात, हे खरे. पण प्रत्येक संचाला क्रमांक देऊन त्याची नोंदवही ठेवायला फारसा खर्च येत नाही. रुग्णालयांच्या तपासणीत आता ती वही मागितली गेली पाहिजे.