दोनशे मीटरचा कायदा

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीची नाकेबंदी केली, तेव्हा पुष्कळांना बरे वाटले. पण अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा नीट वाचा. कुंटणखाना चालवणे कलम ३ नुसार कुठेही गुन्हाच. तिथे अंतर मोजावे लागत नाही. देऊळ, शाळा, इस्पितळापासून २०० मीटरची अट येते कलम ७ मध्ये, आणि तीन महिन्यांपर्यंत कैद देहविक्री करणाऱ्या बाईला (गिऱ्हाईकालाही, कागदोपत्री!). पुण्याच्या बुधवार पेठेच्या नकाशावर प्रत्येक देवळाभोवती तेवढे वर्तुळ काढून पाहा, मोकळी जागा कितीशी उरते? स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या बाईला छाप्यात अटक करू नका, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने केली. कलम ७ मात्र तसेच आहे. खटले अड्डेवाल्यांवर भरा. बाईला कलम ७ मधून वगळा.