गेम जुना, हात नवे

2024च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली, की शाळा ऑनलाइन भरवाव्या लागल्या. असे दिवस आले की नोएडा-गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालचा कन्सोल जास्त वेळ सुरू राहतो. मुलांना खेळताना पाहून बाबांना आठवतो तो कॉलेजच्या दिवसांत कॉम्प्युटरवर खेळलेला गोळीबाराचा गेम. तो कन्सोलवर मिळेल का? आणि पूर्वीसारखी मजा येईल का?

मिळेल की नाही, ते गेमवर अवलंबून आहे. 2000 साली आलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आपल्याकडे खूप खेळला गेला. मोहिमेच्या मध्येच सेव्ह करायची सोय त्यात नव्हती. शेवटच्या वळणावर गोळी लागली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तो कन्सोलवर आलाच नाही. 1993चा ‘डूम’ मात्र 2019मध्ये प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विचवर नव्याने आला.

आता मजेचं बघू. माउसवर नेम धरतं मनगट, कंट्रोलरवर अंगठा. त्यामुळे सुरुवातीला वर्षानुवर्षांचा सराव असलेला माणूसही भिंतीवर गोळ्या झाडतो. म्हणूनच कन्सोलवरचे बरेच गेम नेम धरायला थोडी मदत करतात. ‘डूम’मध्ये तर वर-खाली नेम धरावाच लागत नाही. शत्रू समोरच्या रेषेत आला की गोळी आपोआप योग्य उंचीवर जाते. म्हणून हा गेम कंट्रोलरवर लवकर जमतो.

दोन गोष्टी आधी करून घ्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो सुरू करा, म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावरची हालचाल यांतलं अंतर कमी होतं. कंट्रोलरची संवेदनशीलताही कमी ठेवा. अंगठा सरावला की हळूहळू वाढवा.

खरा फरक मात्र जागेचा आहे. तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या छोट्या मॉनिटरसमोर एकटे होता. आता रक्त आणि राक्षस हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर दिसणार आणि शेजारी सहा वर्षांची मुलगी चित्र काढत बसलेली असणार. अमेरिकेतल्या मानांकनानुसार ‘डूम’ 17 वर्षांवरच्यांसाठी आहे. ‘आमच्या वेळी आम्ही खेळलोच की’ ही सबब इथे चालणार नाही. लहानगी झोपल्यावरच तो सुरू करा.

मोठा मुलगा कॉलेजात असेल, तर दुसरा कंट्रोलर त्याच्या हाती द्या. नव्या ‘डूम’मध्ये एकाच टीव्हीवर चौघं मिळून खेळू शकतात. अंगठ्याची सफाई त्याच्याकडे असेल. गुप्त दरवाजा कोणत्या भिंतीमागे आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. एकट्याने जिंकलेला गेम पुन्हा खेळताना हा जोडीदार नवा असेल. आणि या वेळी तो तुम्हाला शिकवेल, तेव्हा मुकाट्याने ऐका!