नव्याचे नऊ दिवस सरल्यावर

'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' या नावाचा गाजावाजा गेली दहा-बारा वर्षे आमच्या वाचकांच्या कानी पडत आहेच. डोळ्यांवर पेटीसारखा बंद चष्मा चढवावयाचा आणि घरच्या खुर्चीत बसून हिमालयात वा समुद्रतळी हिंडत असल्याचा प्रत्यय घ्यावयाचा, असा हा प्रकार. मराठीत त्यास 'आभासी वास्तव' म्हणतात. आभास तो वास्तव कसा, असे एखादा नैयायिक विचारील. परंतु नाव रूढ झाले आहे, तेव्हा आम्हीही तेच वापरतो. या वस्तूविषयीचा उत्साह आता बराच ओसरला आहे. तेव्हा तिचे पुढे काय होणार, आणि गृहस्थाने तिच्यापायी पैसा खर्चावा की नाही, याचा शांतपणे विचार करण्यास हीच वेळ योग्य होय.

ही काही पहिलीच लाट नव्हे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर चढविण्याचे असे यंत्र सिद्ध केले. त्यास छतापासून आधार द्यावा लागे. १९९० च्या सुमारास दुसरी लाट आली आणि गेली. २०१४ साली फेसबुकने ऑक्युलस ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरांस घेतली, आणि २०२१ साली आपले नावच बदलून 'मेटा' ठेवले. तिच्या या शाखेस २०२१ ते २०२४ या चार वर्षांत मिळून ५७ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. २०२४ साली विक्रीस आलेल्या अ‍ॅपलच्या चष्म्याची किंमत ३,४९९ डॉलर होती. पैशाखेरीज अडचणी आहेतच. डोळे सांगतात, आपण चालत आहो. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, आपण स्थिर आहो. या भांडणात कित्येकांस भोवळ येते. शिवाय चष्मा चढविणारा घरात असूनही घरच्यांस पारखा होतो.

मग हे सर्व फुकटच जाणार काय? आमच्याच प्रांतातील एक जुनी हकीकत येथे उपयोगी पडेल. आमच्या कोनहून फारसे दूर नसलेल्या कल्याण येथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे दीपचित्रांचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया. काचेवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडून, ती त्वरेने पालटून, पौराणिक कथांतील पात्रे हालताना दाखवीत. ते व त्यांचे पुत्र हे खेळ घेऊन गावोगाव फिरले. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, आणि खरोलिकेची नवलाई संपली. परंतु दीपचित्र मेले नाही. करमणुकीच्या मंडपातून उठून ते वर्गात आणि आरोग्यविषयक व्याख्यानांत जाऊन बसले, व तेथे पुढे कित्येक दशके निमूटपणे काम करीत राहिले.

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे, कारण त्यातील तत्त्व आजच्या चष्म्याचेच आहे. दोन डोळ्यांस किंचित निरनिराळी चित्रे दाखविली म्हणजे मेंदू त्यांतून खोली निर्माण करितो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली 'स्टिरिओस्कोप' यंत्राने सिद्ध केले. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनानंतर ते युरोपातील घरोघरच्या दिवाणखान्यांत पोहोचले, आणि यथाकाळ माळ्यावर गेले. पण विमानातून घेतलेली जोडछायाचित्रे त्यातून पाहता डोंगराची उंची व दरीची खोली डोळ्यांस कळते, असे आढळल्यावर तेच यंत्र नकाशे करणाऱ्यांच्या मेजावर आले. आपल्याकडील महाविद्यालयांतही भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी ते हाताळले आहे.

या दोन्हींवरून आम्ही असे अनुमान काढितो की, नवलासाठी घेतलेली वस्तू नवलाबरोबर जाते. जे काम दुसऱ्या रीतीने होत नाही, अथवा केल्यास धोक्याचे वा अतोनात खर्चाचे असते, त्या कामी लागलेली वस्तू टिकते. वैमानिकास संकटाचा सराव खऱ्या विमानात देता येत नाही. शिकाऊ शल्यवैद्याची पहिली चूक रोग्याच्या देहावर होऊन चालत नाही. भाजलेल्या रोग्यांची मलमपट्टी चालू असता त्यांचे मन वेदनेवरून वळविण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठात बर्फाच्या आभासी सृष्टीचा प्रयोग झाला. २०२१ साली जुनाट पाठदुखीवरील अशाच एका उपचारास अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने मान्यता दिली. या चष्म्याचे भवितव्य अशा ठिकाणी आहे. तेथे जाहिरात नसेल, आणि कदाचित हे भपकेबाज नावही नसेल.

गृहस्थाने हीच कसोटी लावावी : हे यंत्र नसेल तर आपले कोणते काम अडेल? नातवाच्या हट्टाखातर ते घेऊ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, मेटाची स्वतःची वयोमर्यादा दहा वर्षांची आहे, आणि २०२३ पूर्वी ती तेरा होती. शाळांच्या चालकांस आमची विनंती आहे की, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या नसता असे चष्मे आणू नयेत. जे फूल मुलास परसात तोडून उकलता येते, ते चष्म्यातून दाखविण्यात कोणते शिक्षण आहे?

घर घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. आमच्या कोन-पळस्पे भागात उंच इमारती उठत आहेत, आणि न बांधलेल्या घरातून गिऱ्हाइकास चष्म्याने फिरवून आणण्याची रीत या धंद्यात आली आहे. याच कोन येथे गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१६ साली निघाली. प्रत्यक्ष किल्ली हाती येण्यास पुढे कित्येक वर्षे गेली. दाखविलेले घर आणि कुलूप उघडलेले घर यांतील अंतर येथील लोकांस निराळे सांगावयास नको. चष्म्यातील दिवाणखाना अवश्य पाहावा. सही मात्र करारातील चटईक्षेत्र व महारेराकडील नोंद वाचूनच करावी.

एका प्रसंगी मात्र आम्ही स्वतः या यंत्राची शिफारस करू. ज्या घरी आजोबा वा आजी अंथरुणास खिळलेल्या आहेत, आणि काशीचा घाट पाहण्याची इच्छा मनातच राहिली आहे, तेथे घटकाभर तो चष्मा उसना आणावा. वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि पाहणाऱ्याचा हात आपल्या हाती धरून जवळ बसावे. ज्याचे पाय धड आहेत त्याने मात्र आगगाडीचे तिकीट काढावे. मयसभेत फसला तो दुर्योधन. जमीन कोठे व पाणी कोठे हे जो पायाने चाचपून पाहतो, त्यास तीच सभा सुंदर वाटते आणि अपायही करीत नाही.