तेल, शनिवार आणि मोडलेला खुबा



कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, यावरून हे नाव पडले. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाही. पण खुबा मोडलेल्या माणसाच्या बाबतीत हीच दोन्ही, तेल आणि शनिवार, आपल्याला नडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखीच्या एका मावशींचे उदाहरण सांगते. वय ८१. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायची घाई, ओल्या लादीवर पाय सरकला आणि त्या कुशीवर पडल्या. शेजारणीच्या आधाराने कशाबशा पलंगापर्यंत गेल्या. “चालले ना चार पावलं, म्हणजे हाड मोडलेलं नाही,” असे स्वतःच ठरवले. रात्री गरम तेलाने मालीश झाली. सकाळी उठवेना. मुलगा दुसऱ्या गावी. शब्बाथला त्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मोच्छे शब्बाथ होईपर्यंत त्या पडून राहिल्या. हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा २४ तासांहून जास्त वेळ गेला होता आणि छातीत कफ दाटू लागला होता.

यात कुणी वाईट वागले नाही. सगळे मायेने झाले. म्हणूनच खुब्याच्या आत काय असते ते आपण समजून घेतले पाहिजे.

मांडीचे हाड वर जाऊन सरळ संपत नाही. वर एक तिरपी मान असते आणि मानेच्या टोकाला चेंडूसारखा गोळा. तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. उतारवयात हाडे पोकळ होतात आणि साध्या पडण्यानेही ही मान मोडते. आता महत्त्वाची गोष्ट. मोठ्या माणसात गोळ्याला मिळणारे बहुतेक रक्त मानेवरून चढत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येते. मान मोडून हाड सरकले की त्या वाहिन्या तुटतात आणि गोळा मरू शकतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर बहुधा हाड जोडत बसत नाहीत. गोळा काढून धातूचा गोळा बसवतात, किंवा सगळा सांधाच बदलतात. मोड मानेच्या खाली असेल तर गोळ्याचे रक्त शाबूत राहते, आणि तिथे सळई किंवा पट्टी-स्क्रू घालून हाड जोडतात. पण त्या मोडीत मांडीच्या आत बरेच रक्त साठते, बाहेर मात्र थेंब दिसत नाही.

हाड सरकले की मांडीचे स्नायू खालचा भाग वर ओढतात. पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळते. हे दिसले तर ओळखायला कठीण नाही. फसवते ती दुसरी तऱ्हा. कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात. मग पाय सरळ दिसतो, माणूस दोन पावले चालतोही. दुखते मात्र जांघेत, कधी कधी नुसत्या गुडघ्यात, कारण खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा सामाईक आहेत. अशा पायाला मालीश केली, ओढून ‘बसवला’, तर रुतलेली टोके सुटतात आणि शाबूत राहिलेल्या वाहिन्याही तुटू शकतात. आपल्या हातचे तेल पाठीला, केसांना जरूर लावा. पडल्यानंतर खुब्याला नाही.

आता शनिवार. इस्राएलमध्ये ६५ वर्षांवरील माणसाचा खुबा मोडला तर ४८ तासांच्या आत ऑपरेशन झाले की नाही, यावर आरोग्य खाते हॉस्पिटलांचे काम तपासते. चांगली गोष्ट आहे. पण ते घड्याळ सुरू होते हॉस्पिटलात पोचल्यावर. घरी पलंगावर गेलेले तास कुणी मोजत नाही. ते मोजते आपले शरीर. पडून राहिले की फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात, भ्रम होतो. खुब्याच्या मोडीत म्हातारी माणसे जातात ती बहुधा या पाठोपाठ येणाऱ्या त्रासांनी. रोश हशानाचे दोन दिवस आणि त्याला लागून शब्बाथ आला तर हिशेब काय होईल, तुम्हीच करा.

आणि धर्म काय सांगतो? जिवाला धोका असल्याची नुसती शंका असली तरी शब्बाथ बाजूला ठेवावा, हे मिश्नात, योमा प्रकरणात आलेले आहे. याला पिक्कुआख नेफेश म्हणतात. म्हणजे त्या क्षणी फोन उचलणे हा शब्बाथचा भंग नाही, ती आज्ञाच आहे. मुलांना त्रास नको ही आपली सवय मला समजते. पण एका रात्रीचा त्रास वाचवून आपण त्यांना पुढे कित्येक महिन्यांचा त्रास देतो.

“या वयात ऑपरेशन कशाला?” असेही विचारले जाते. ऑपरेशन पुन्हा तरुण होण्यासाठी नसते, पलंगावरून उठण्यासाठी असते. पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. काहींची तब्येत खरोखरच इतकी नाजूक असते की डॉक्टर वेगळा सल्ला देतील. पण तो निर्णय त्यांच्यासमोर व्हावा, आपल्या पलंगावर नाही.

म्हणून एवढे करा. पडल्यावर जांघ, कूस किंवा गुडघा दुखत असेल आणि पायावर भार घेता येत नसेल, तर उभे राहण्याचा हट्ट धरू नका. पाय ओढू नका, चोळू नका. पांघरूण घाला, खायला देऊ नका. मागेन दावीद आदोमला १०१ वर फोन करा. गळ्यात किंवा मनगटावर संकटाचे बटण असेल तर ते दाबा. औषधांची यादी आधीच लिहून फ्रिजवर लावा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक लिहा. गुडघा दुखत असला तरी “कुशीवर पडले” हे डॉक्टरांना सांगा. एक्स-रे चांगला आला आणि तरी उभे राहवत नसेल, तर सीटी किंवा एमआरआय हवा का, हे विचारा. बारीक मोड एक्स-रेत सुटू शकते. आणि घरी आल्यावर कुपत होलीमच्या डॉक्टरांना हाडे बळकट करण्याच्या औषधाबद्दल विचारा, कारण दुसरा खुबा अजून बाकी आहे.

मावशी आता वॉकर घेऊन चालतात. दिवे त्याच लावतात, पण आता लादी आधी कोरडी करून आणि खुर्चीवर बसून.