कोर्स घेण्याआधी लॅब बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगरच्या सावेडीपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत बहुतेक पालकांची धाव एमएस-सीआयटीपर्यंत. एमकेसीएलने 2001 साली सुरू केलेला हा कोर्स चांगलाच. अनेक सरकारी पदांसाठी तो लागतो. पण तो संगणक वापरायला शिकवतो, दुरुस्त करायला नाही.

दुरुस्तीचं, म्हणजे संगणक सपोर्टचं काम निराळं. रॅम काढून पुन्हा बसवणं, केबलला कनेक्टर क्रिंप करणं, नेटवर्क कुठे अडलंय ते हुडकणं आणि समोरच्या वैतागलेल्या कारकुनाचं शांतपणे ऐकून घेणं! त्यासाठी आयटीआयमधला हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड आधी बघावा. आयटीआयमधलाच ‘कोपा’ हा ट्रेड वेगळा, तो संगणक ऑपरेटरचा.

खासगी क्लास लावायचाच, तर पालकांनी चालू तासाला लॅबमध्ये डोकावावं. मुलांच्या हातात उघडलेलं मशीन दिसत नसेल, तर फी भरू नये.