ब्रेकचं आधी पायाला विचारा

एक साधा प्रश्न. आपल्या मेकॅनिकलच्या किती जणांनी ब्रेकचा ड्रम स्वतःच्या हाताने उघडलाय? ब्रेकिंग टॉर्कची गणितं सगळ्यांना येतात, पास्कलचा नियम झोपेतसुद्धा म्हणता येतो. पण जुन्या गाडीचं पेडल खाली का बसतं विचारलं, की उत्तर ठरलेलं : ‘मिस्त्रीला दाखव.’ माझं भांडण या उत्तराशी आहे.

मिस्त्रीकडे जायला हरकत काहीच नाही. पण बिघाड न शोधताच पार्ट बदलले की काय होतं, ते आमच्या मामांच्या प्रीमियर पद्मिनीने दाखवलं. (ही गाडी तशी आपल्या गावच्या नात्यातली. तिची कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले.) पेडल खाली जातं म्हणून एका गॅरेजने चारही चाकांचे लायनर बदलले. पैसे गेले, पेडल तसंच! दिवाळीच्या सुट्टीत गाडी अंगणात उभी करून मी मामांना म्हटलं, पेडल दाबा आणि दाबूनच धरा. मिनिटभरात ते पायाखालून हळूहळू खाली गेलं. चाकं आतून कोरडी, पाइप कोरडे, डबीतलं ब्रेक ऑइलही कमी होत नव्हतं. म्हणजे तेल बाहेर जात नाही, मास्टर सिलिंडरमध्येच झिजलेल्या रबरी कपावरून मागे सरकतंय. यात लायनरचा काय दोष?

पायाला असं बरंच कळतं. पेडल स्पंजसारखं लागलं तर बहुधा पाइपात हवा. पहिल्यांदा खाली जाऊन दोनतीनदा मारल्यावर वर आलं, तर शू आणि ड्रममधली फट वाढलेली. तिथे नुसतं अॅडजस्टमेंट पुरतं. गाडी एका बाजूला ओढली, तर एखाद्या चाकाचं सिलिंडर जाम, नाहीतर लायनरला तेल लागलेलं. हे कळायला एक रुपया लागत नाही.

अंगणात न दिसणारा बिघाड मात्र तेलात असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ चं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. तुळजापूरच्या घाटात ड्रम तापले, तेलाला उकळी फुटली, की पाय वाफेवर पडतो. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी तेल बदलायचंच.

आता हौशी मंडळींसाठी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाक काढू नका; खाली स्टँड आणि जमिनीवरच्या चाकांना दगड हवेच. जुन्या लायनरच्या धुळीत अॅसबेस्टॉस असू शकतो, ती फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकचे रबर रॉकेलने धुणाऱ्याला तर मी गाडीला हातच लावू देणार नाही, ते फुगतात. सिलिंडरला आतून चरे पडले असतील तर किट टाकून भागवू नये, अख्खा नवा बसवावा. आम्ही तोच बसवला, तोही अनुभवी फिटरला शेजारी बसवून, आणि आधी मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहिला. जुन्या गाडीत चारही चाकांना एकच सर्किट असेल, तर एक चूक चारही ब्रेक घेऊन जाते.

सरांना एकच विनंती. वर्कशॉपमध्ये भंगारातली एक ड्रम असेंब्ली आणि मास्टर सिलिंडर टेबलावर ठेवा. व्हायवाला व्याख्या विचारू नका. आमच्यापैकी एकाला पेडल दाबायला सांगा, आणि दुसऱ्याला विचारा, बिघाड कुठे आहे.